मतमोजणीचे प्रमाणीकरण (गोंदिया जिल्हा)

मतदान यंत्रांतील मते मोजून निकाल विधिवत घोषित करण्याची प्रक्रिया. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ हे तिचे आधार. जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया व आमगाव हे चार विधानसभा मतदारसंघ आहेत. पहिले तीन भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडतात. आमगावची लोकसभेची मते मात्र गडचिरोली-चिमूरच्या बेरजेत जातात. विधानसभेला निवडणूक निर्णय अधिकारी सहसा उपविभागीय अधिकारी असतो, आमगावसाठी देवरीचा.

प्रमाणीकरणाचा कणा यंत्र नव्हे, नमुना १७-सी हा कागद होय. मतदान संपताच केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचे ‘क्लोज’ बटण दाबतो, एकूण मतांचा आकडा या नमुन्याच्या पहिल्या भागात लिहितो आणि त्याची प्रत हजर मतदान प्रतिनिधींना देतो. मोजणीच्या दिवशी टेबलावर आधी मोहरा व यंत्राचा क्रमांक पडताळतात. ‘रिझल्ट’ बटण दाबल्यावर दिसणारी उमेदवारनिहाय मते दुसऱ्या भागात चढतात. त्यांची बेरीज पहिल्या भागाशी जुळावी लागते. त्यावर पर्यवेक्षकाची व उमेदवारांच्या प्रतिनिधींची सही होते आणि आकडे नमुना २० या अंतिम पत्रकात जातात. टपाली मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर मोजतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मताची छापील नोंद) मोजल्या जातात. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत तफावत आल्यास चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. फेरमोजणीचा अर्ज लेखी असावा लागतो व तो नमुना २० पूर्ण होण्याच्या टप्प्यावरच करता येतो. त्यानंतर निरीक्षकाच्या संमतीने घोषणा होते: सार्वत्रिक निवडणुकीत नमुना २१-सी, पोटनिवडणुकीत २१-डी. विजयी उमेदवाराला मिळते ते प्रमाणपत्र नमुना २२.

२०१८ ची पोटनिवडणूक : तत्कालीन खासदार नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे भंडारा-गोंदियात २८ मे रोजी मतदान झाले. व्हीव्हीपॅट यंत्रे अनेक ठिकाणी बंद पडली. उष्णता व प्रखर प्रकाश ही कारणे तेव्हा सांगितली गेली. ती सर्वांना पटली असे नाही. ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. असा निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती नसतो. त्याच्या अहवालावरून निवडणूक आयोग तो १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ५८ खाली घेतो. ३१ मे रोजी मोजणी होऊन राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे विजयी झाले. केंद्रनिहाय कागदाचे मोल २०१९ च्या विधानसभेतही दिसते : अर्जुनी-मोरगावात मनोहर चंद्रिकापुरे व राजकुमार बडोले यांच्यात अवघ्या ७१८ मतांचे अंतर राहिले.

निकालाला आव्हान : ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका.

स्थानिक संस्था : राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत, व्हीव्हीपॅट नाही. जिल्हा परिषदेचे मतदान २१ डिसेंबर २०२१ व १८ जानेवारी २०२२ असे दोनदा झाले, मोजणी १९ जानेवारीला एकत्र झाली.