इल्या कामिन्स्की : व्हायरल झालेल्या कवितेमागचा निर्वासित कवी

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सोशल मीडियावर एक इंग्रजी कविता फिरू लागली. तिचं नाव ‘वी लिव्ड हॅपिली ड्युरिंग द वॉर’, म्हणजे ‘युद्ध चालू असताना आम्ही सुखात राहिलो’. अनेकांना ती युक्रेनच्या युद्धावरच लिहिलेली वाटली. प्रत्यक्षात ती कित्येक वर्षं आधीची आहे आणि तिचा रोख वेगळ्याच देशाकडे आहे. ती लिहिणारे इल्या कामिन्स्की कोण आहेत?

ओडेसातलं बालपण

कामिन्स्की यांचा जन्म 1977 साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा सोव्हिएत संघात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. चार वर्षांचे असताना त्यांना गालगुंड झाले. डॉक्टरांनी साधी सर्दी समजून दुर्लक्ष केलं आणि त्यांची बरीचशी श्रवणशक्ती गेली. पुढची बारा वर्षं ते श्रवणयंत्राशिवाय, समोरच्याचे ओठ वाचत वाढले.

सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ज्यूद्वेषाला कंटाळून कुटुंबाने देश सोडला. 1993 मध्ये अमेरिकेने त्यांना आश्रय दिला आणि ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये राहू लागले. श्रवणयंत्र मिळालं तेही इथेच, वयाच्या सोळाव्या वर्षी.

इंग्रजीच का?

पुढच्याच वर्षी वडील गेले. त्यानंतर कामिन्स्की इंग्रजीत कविता लिहू लागले. मातृभाषा रशियन असताना नुकतीच शिकायला घेतलेली भाषा का निवडली? त्यांनी सांगितलेलं कारण साधं आहे: घरात कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे आपलं दुःख घरच्यांपुढे न मांडताही लिहिता येत होतं.

पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि गरिबांना, स्थलांतरितांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थांमध्ये काम केलं. 2004 मध्ये ‘डान्सिंग इन ओडेसा’ हा संग्रह आला. मागे सुटलेलं शहर, कुटुंब आणि स्टालिनच्या काळात छावणीत मेलेल्या ओसिप मांदेलश्तामसारखे कवी त्यात भेटतात.

बहिऱ्या झालेल्या गावाची गोष्ट

2019 मध्ये ‘डेफ रिपब्लिक’ आलं. सैन्याने ताब्यात घेतलेल्या वासेंका या काल्पनिक गावाची ही कवितांमधून सांगितलेली गोष्ट आहे. चौकात बाहुल्यांचा खेळ चालू असताना एक सैनिक पेट्या नावाच्या कर्णबधिर मुलाला गोळी घालतो. त्यानंतर सगळं गाव बहिरं होतं. सैनिकांचे हुकूम कुणालाच ऐकू येत नाहीत आणि गावकरी खुणांच्या भाषेतून प्रतिकार करतात. पुस्तकात जागोजागी या खुणांची चित्रंही आहेत.

इथे बहिरेपण हे प्रतिकाराचं हत्यार आहे. पण कामिन्स्की गावाला सरसकट वीर ठरवत नाहीत. याच गावात काही लोक गप्प राहून शेजाऱ्याची अटकही पाहतात.

मग ती व्हायरल कविता?

ती याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. दुसऱ्यांची घरं उद्ध्वस्त होत असताना आपण पुरेसा विरोध केला नाही, अशी कबुली देणारा माणूस तिच्यात बोलतो आणि हा माणूस सुखवस्तू अमेरिकेत राहतो. पुस्तकाची शेवटची कविताही अमेरिकेतच घडते. तिथे पोलिसांनी गोळी घातलेला मुलगा रस्त्यावर पडून आहे आणि आजूबाजूचं जग आपापल्या कामात आहे. म्हणजे वासेंकाची गोष्ट दोन्ही बाजूंनी अमेरिकेने वेढलेली आहे.

म्हणून ती शेअर करणाऱ्यांसाठी थोडी अडचणीची आहे. युद्धात सापडलेल्यांबद्दल सहानुभूती म्हणून आपण ती पुढे पाठवतो, पण ती प्रश्न विचारते तो लांबून पाहणाऱ्याला, म्हणजे पाठवणाऱ्यालाच.

ओडेसाने काय मागितलं?

हल्ल्यानंतर कामिन्स्की यांनी ओडेसातल्या एका वयस्कर मित्राला विचारलं, काय मदत करू? उत्तर आलं : आम्ही साहित्यिक मासिक काढतोय, कविता आणि लेख पाठव. 2023 मध्ये कामिन्स्की यांनी कवयित्री कॅरोलिन फोर्शे यांच्यासोबत युक्रेनच्या कवितांचा इंग्रजी संग्रह संपादित केला, ‘इन द अवर ऑफ वॉर’. त्यांची व्हायरल कविता वाचून झाली असेल, तर पुढचं पुस्तक हे घ्यावं. त्यात युद्ध लांबून पाहणारे नाहीत, युक्रेनचे कवी स्वतः बोलतात.