‘सोसायटी’ या शब्दाचे दोन अर्थ

डहाणू-तलासरीकडे ‘सोसायटी’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सोसायटी. डहाणू रोडला लोकलमध्ये बसून बोरिवलीला उतरेपर्यंत हाच शब्द अर्थ बदलतो. तिथे सोसायटी म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, जिन्याखालच्या पत्रपेट्या आणि दरमहा न चुकता येणारे मेंटेनन्सचे बिल. (डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, त्याआधीही हा अर्थबदल होत असे, पण इतक्या रोज नव्हे.)

या दोन अर्थांमागे कायद्याचा इतिहास आहे. सहकाराचा १९०४चा कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. त्याच्या नजरेसमोर सावकाराच्या तावडीतला शेतकरी होता. १९१२च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा दिली, आणि तीन वर्षांत, १९१५ साली, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिचे प्रवर्तक श्रीपाद सुब्राव तालमकी. १८९६च्या प्लेगनंतरची ती मुंबई होती. दाटीच्या चाळींना भ्यालेला, कानडा मुलुखातून नोकरीसाठी आलेला कारकून-शिक्षक वर्ग निवारा शोधत होता. त्या संस्थेत जागा कुणा एकाच्या मालकीची नव्हती. इमारत संस्थेची, सभासद तिचे भागधारक आणि तेच तिचे भाडेकरू. ‘मी माझ्याच घरात भाड्याने राहतो’ हे वाक्य एखाद्या नवकवीचे वाटेल, पण तो सरळ व्यवहार होता.

आज आपण ‘फ्लॅट विकत घेतला’ असे म्हणतो, तेव्हा हा मूळ अर्थ विसरलेलो असतो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्यासाठी घरे बांधणे परवडेना, बांधकाम करणारे जागा विकू लागले आणि ‘ओनरशिप’ हा शब्द मराठी झाला. फसवणुकी वाढल्या, म्हणून १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला: नोंदणीकृत करार करा, खरेदीदारांची संस्था स्थापन करून द्या, जमिनीसह इमारत तिच्या नावे करा. १९७०च्या कायद्याने ‘अपार्टमेंट’चा दुसरा पर्यायही दिला; त्यात सदनिका थेट ज्याची त्याची आणि जिना, गच्ची, जमीन यांत अविभाज्य हिस्सा. सोसायटीत मात्र आपल्या हाती पडते ते भागपत्र. शहरात नव्याने येणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा, कारण पुढची बरीच भांडणे त्यातूनच निघतात.

आणखी एक गोष्ट. संस्थेच्या नावे जमीन करून देण्याचे काम अनेक बिल्डरांनी वर्षानुवर्षे टाळले. अखेर २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. वीस वर्षे हप्ते फेडलेला माणूस मिळकत पत्रिका काढतो, तर तिच्यावर नाव तिसऱ्याचेच! आमच्या भागातल्या कुणाला हे ऐकवले तर तो हसेल. सातबाऱ्यावर भलत्याचे नाव ही त्याच्या आजोबांची कहाणी आहे. मे १९४५मध्ये तलासरीतल्या झरी गावी वारली एकत्र आले ते वेठबिगारी मोडण्यासाठी. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो काळ लिहून ठेवला आहे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व पुढे कुळकायद्यात आले. राहील त्याची जमीन हे तत्त्व शहराने मात्र अजून पुरते पचवलेले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहकारी घराचे एक उदाहरण सांगायला नकोच. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकर राहिले, गंगाधर गाडगीळ राहिले, प्रा. रमेश तेंडुलकरही. प्राध्यापकाच्या पगारात वांद्र्याला घर ही गोष्ट आज परीकथा वाटते. ती घडली ती सहकारामुळे. व्यवसायबंधू एकत्र येऊन घर बांधतात याचे कौतुक आपण करतो. मग जातबंधू किंवा धर्मबंधू एकत्र आले तर? परक्या शहरात कर्जाला जामीन कोण, शेजारी कोण, या प्रश्नांना १९१५ साली ज्ञातीने उत्तर दिले, हे समजू शकते. परंतु अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व केवळ पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला, तेव्हा मात्र मी अस्वस्थ झालो होतो.

यावर मला एकदा एका माजी विद्यार्थ्याने पेचात पकडले. तो तलासरीचा, वारली. म्हणाला, “सर, आमची जमीनही बिगरआदिवासीला सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. मग ते कुंपण वाईट आणि आमचे चांगले कसे?” मी म्हटले, ज्याची जमीन शंभर वर्षे लुटली गेली त्याचे कुंपण आणि ज्याला शेजार निवडून घ्यायचा आहे त्याचे कुंपण सारखे नव्हे. हे माझे मत आजही आहे. पण त्याची अडचणही खोटी नव्हती. शहरात घर घ्यायला इतरांची वडिलोपार्जित जमीन बाजारभावाने कामी येते. त्याला पगार आणि बँक एवढेच.

त्याने पुढे मुंबईच्या उपनगरात एका जुन्या इमारतीत घर घेतले. सभासदत्वाचा अर्ज समितीने या ना त्या कारणाने लांबवला. त्याने कायदा काढला: महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्यात सभासदत्व खुले आहे, पुरेशा कारणावाचून ते नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिने निर्णय झाला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. त्याने तसे पत्र दिले. पुढच्याच सभेत अर्ज मंजूर झाला. भागपत्र हाती देताना सेक्रेटरींनी अर्जावरचे मूळ गाव वाचले आणि विचारले, “तलासरी... म्हणजे तुम्ही गुजरातचे का?”

“नाही काका,” तो म्हणाला, “गुजरात आमच्या पुढे लागतो.”