पंधरा तारखेच्या आत

१८८४च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण १० जून १८९० रोजी ती पदरात पडली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती आणि माझ्या मते ती तितकीच मोठी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पंधरा तारीखसुद्धा जिथे मागून घ्यावी लागत होती, तिथे प्रत्यक्षात पगार कधी होत असेल याचा विचार करावा. नवा माणूस गावाहून येऊन साच्यावर उभा राहिला, की पहिला पैसा हातात पडेपर्यंत दीड-दोन महिने उधारीवर जगायचा. तेवढ्या दिवसांची त्याची मेहनत गिरणीच्या तिजोरीत बिनव्याजी पडून असायची.

माझ्या आजीने लोखंड्यांचं नाव ऐकलं नव्हतं. ती लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. पण हा हिशोब तिला पाठ होता. ती म्हणायची, "आपला पैसा त्येंच्याकडं आन् उधारी आपल्या नावावर." तिच्या सासूच्या वेळच्या गोष्टी ती सांगायची. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायचे, त्याला डबल खाडा म्हणत. कापड खराब निघालं तर ते कामगाराच्याच माथी मारून त्याचे पैसे पगारातून वळते करत. १९३६च्या पगारवाटप कायद्याने या कपातींना लगाम घातला. हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा तारखेच्या आत पगार द्यायचा, असं ठरलं. आणि कामावरून काढलं तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी सगळा पगार चुकता करायचा, हेही त्याच कायद्यात होतं. लोखंड्यांच्या निवेदनापासून इथवर यायला बावन्न वर्षं लागली.

आजीच्या खानावळीत दोन्ही पाळ्यांचे मिळून वीस-पंचवीस जण जेवायचे. बहुतेक सातारा-सांगलीकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. तिची लाल कापडी बांधणीची लांबट वही असायची. आजीला लिहिता येत नव्हतं. वही माझे वडील शाळेतून आल्यावर लिहायचे. प्रत्येकाचं एक पान: वर नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर, कायम की बदली. खाली कुठल्या पाळीला जेवला, कुठले दिवस गावी गेला, आणि पैसे दिले ती तारीख. पगाराच्या संध्याकाळी ती दारात बसून एकेकाकडून पैसे घ्यायची. त्यातूनच वाण्याचं, मग कोळसेवाल्याचं भागवायचं. गिरणीने पगार आठ दिवस लांबवला की अख्ख्या गल्लीची उधारी आठ दिवस लांबायची.

१९७४च्या मोठ्या संपात गिरणगावातल्या खानावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि त्या स्वतः कर्जात बुडाल्या. ते बघूनच प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. आजी त्या काळाबद्दल फार बोलायची नाही. "जेवायला आलेल्या माणसाला काय विचारायचं, तुझा संप कधी मिटतो?" एवढंच.

मग १८ जानेवारी १९८२ आला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो कसा चिघळला, कोण कुठे चुकलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. संप ओसरल्यावर प्रत्येक घरात काय उरलं, ते मला सांगायचंय, आणि ते मला तात्यांकडून कळलं.

तात्या वडिलांचे दोस्त, साचाखात्यात बावीस वर्षं काढलेले. त्यांच्या गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, आणि काढल्याचा कागदही दिला नाही. फाटकावर विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तुम्ही स्वतःहून काम सोडलंय." काम सोडलं म्हटलं की नोटिशीचा पगार नाही, कामगारकपातीची भरपाई नाही. काढलं म्हटलं तर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्यामुळे मालक 'काढलं' हा शब्द तोंडातून निघू देत नव्हता. तात्यांना कोणीतरी शहाणा वकील भेटला. तो म्हणाला, काढलं की सोडलं हा वाद कोर्टात चालू दे, ग्रॅच्युइटी दोन्ही बाजूंनी देणं लागते. पाच वर्षं सलग नोकरी झालेली असली की राजीनामा दिलेल्यालाही ती मिळते. आधी तिचा अर्ज टाका.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण तात्या या जागी नेहमी कागद-पेन्सिल घ्यायचे. ग्रॅच्युइटीचा हिशोबही वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचाच. शेवटचा पगार, महागाई भत्ता धरून, महिना ७८० रुपये. गिरणीने त्याला ३०ने भागलं: रोज २६ रुपये. पंधरा दिवसांचे ३९०, बावीस वर्षांचे ८,५८०. वकिलाने २६ने भागलं, कारण महिन्यात कामाचे दिवस २६ असतात आणि पगार त्या दिवसांचा असतो: रोज ३० रुपये. पंधरा दिवसांचे ४५०, बावीस वर्षांचे ९,९००. फरक १,३२० रुपयांचा. म्हणजे दीड महिन्याहून जास्त पगार नुसत्या भागाकारात जात होता. दिग्विजय वूलन मिलच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने २६चाच भागाकार बरोबर ठरवला होता आणि १९८७मध्ये तो कायद्यातही आला. तरी फाटकावरचा कारकून ३०नेच भागत होता. ज्यांनी निमूट सही केली, त्यांनी ८,५८०वर केली. तात्यांचं म्हणणं, अशा हजारो सह्या झाल्या असतील. मला ते खरं वाटतं.

त्याहून मोठी अडचण पुराव्याची. हजेरीपट, पगारपत्रकं, सगळं गिरणीच्या आत, आणि फाटकाला कुलूप. बदली कामगाराची, म्हणजे कायम माणूस नसेल त्या दिवशीच काम मिळणाऱ्याची, अवस्था तर फारच वाईट. त्याला वर्षात २४० दिवस काम भरल्याचं दाखवावं लागे, आणि ज्या वहीत ते दिवस लिहिलेले, ती मालकाकडे. चाळीतल्या एका बदली कामगाराला गिरणीने सांगितलं की त्याचा दिवसांचा हिशोब कुठल्याच वर्षी भरत नाही. तेव्हा आजीने जुन्या वह्या काढल्या. १९७६चं त्याचं पान माझ्या वडिलांनी मला दाखवलं आहे. रात्रपाळीचं जेवण महिन्यामागून महिने, मध्ये गणपतीत गावी गेल्याची रेघ, परत आल्याची तारीख, दर महिन्याला दहा-अकरा तारखेला पैसे जमा. खानावळीच्या वहीवर कोणी निकाल देत नाही. पण त्या वहीवरून वकिलाने महिन्यांची यादी केली आणि ठराविक महिन्यांचेच हजेरीपट मागितले. मोघम मागणी असती तर गिरणी टाळू शकली असती. नेमके महिने मागितल्यावर पट आणावे लागले आणि तीन वर्षं भरली नसली तरी बाकीची भरली.

निकाल हाती आला तरी पैसे आले असं होत नसे. औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-क कलमाखाली कामगार न्यायालय रक्कम ठरवायचं, आणि मालकाने दिली नाही तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायचा. तात्यांना हे कलम फार आवडायचं. शेतसारा थकला की घरातली भांडी उचलून नेतात हे त्यांनी गावी पाहिलं होतं. मालकाच्या दारात तसा कारकून उभा राहील, अशी त्यांची कल्पना. पण गिरणी अवसायनात गेलेली असेल, तर रांगेत बँका आधी. १९८५ साली कंपनी कायद्यात ५२९-अ कलम आलं, तेव्हा कुठे कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला बसली. तोवर आयुष्यभर राबलेला माणूस बँकेच्या मागे उभा होता. हा बदल कामगारांच्या मरणातून आला, असं तात्या म्हणत आणि मी त्यात शब्दही बदलणार नाही.

देणी मिळवण्याच्या लढ्याला नवा जोर दिला दत्ता इस्वलकरांनी. ते मॉडर्न मिलचे कामगार. १९८९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. पैसा नाही म्हणणाऱ्या मालकाच्या पायाखाली परळ-लोअर परळची जमीन आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांतल्या ५८व्या नियमाने त्या जमिनीचा एक भाग पालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला असं ठरवलं. २००१मध्ये नियम बदलून ही वाटणी मोकळ्या जागेपुरती आक्रसली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्या जमिनीवरच्या कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. अनेक अर्जांवर तोवर वारसांची नावं लागली होती.

तात्यांचे पैसे आले तेव्हा ते आधी आजीकडे गेले. संपातली बाकी त्यांनी एकरकमी दिली. सगळ्यांनी दिली नाही. काही जण गावी वारले, काहींना शरम वाटली असेल, काहींकडे खरोखर नव्हते. आजीची ती बाकी कुठल्याही कायद्यात धरलेली नाही. गिरणीने कामगाराचं देणं लागायचं, कामगाराने तिचं. पण अवसायकापुढे दावा करता येतो तो फक्त कामगाराला. गिरणगावाच्या इतिहासात हे देणं मांडलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. दोन महिन्यांचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, सगळं 'फुल अँड फायनल'मध्ये मिळेल म्हणाले आणि मग फोन उचलेनासे झाले. तात्या आता थकले आहेत, पण त्यांनी त्याला समोर बसवलं. पगार कुठल्या तारखेला व्हायचा? काढल्याचं पत्र आहे की नुसता निरोप? पगाराच्या पावत्या तुझ्याकडे आहेत की कंपनीच्या कॉम्प्युटरवर? भाच्याने बँकेचा उतारा काढला, नेमणुकीचं पत्र, रजांचा हिशोब जमवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. कायद्याचं संरक्षण मिळायला असलेली पगाराची जुनी मर्यादा तिने काढली आहे. दोन दिवसांची मुदत राजीनामा देणाऱ्यालाही आहे आणि दावा करायला एकाऐवजी तीन वर्षं मिळतात. मागणीपत्रात त्याने रक्कम रुपयापर्यंत लिहिली आणि तारीख घातली.

पत्र वाचून तात्यांनी विचारलं, "तुमच्या हापिसात चहा कोण द्यायचं? झाडलोट?" ती माणसं कंत्राटदाराची, भाचा म्हणाला, त्यांचेही पैसे अडकलेत. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने भरायचा, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनच आहे. तात्यांनी पत्र परत केलं आणि दुसरा कागद जोडायला सांगितलं. भाचा दुसऱ्या दिवशी त्या बायकांची नावं आणि कामाच्या तारखा लिहून घ्यायला गेला.