टोमॅटोची कोशिंबीर आणि तीन पाहुणे

१/
अमरावती-अकोल्याकडच्या घरांत टोमॅटोची कोशिंबीर दहा मिनिटांत होते. टोमॅटो व कांदा बारीक चिरावा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी, शेंगदाण्याचा कूट मिसळावा, वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी द्यावी. हा पदार्थ अनादी काळापासूनचा वाटतो. प्रत्यक्षात टोमॅटो, मिरची आणि शेंगदाणा हे तिन्ही जिन्नस वऱ्हाडात परके होते.

२/
अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा रिद्धपुरातील कोणत्याही चुलीवर यांपैकी एकही जिन्नस असणे शक्य नव्हते. त्या काळी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि आले होते. आंबटपणासाठी चिंच व ताक होते.

३/
टोमॅटो व भुईमूग यांचे मूळ दक्षिण अमेरिकेत, मिरचीचेही अमेरिका खंडातच. टोमॅटोची मशागत मेक्सिकोत बहरली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यानंतरच्या सागरी व्यापारातून अमेरिकेची पिके भारतात येऊ लागली.

४/
आता मराठीने काय केले ते पाहावे. तिखट शेंग आली, तिला ‘मिरे’ या जुन्या शब्दावरून ‘मिरची’ म्हटले. जमिनीखाली धरणाऱ्या शेंगेला ‘भुईमूग’ म्हटले, म्हणजे भुईतला मूग. टोमॅटोला ‘वेलवांगी’ म्हटले. तिन्ही वेळा परक्या पाहुण्याला घरच्याच नात्याचे नाव मिळाले.

५/
‘वेलवांगी’ हे नाव भाबडे मुळीच नाही. इटालियन वैद्य मात्तिओली यांनी १५४४ मध्ये टोमॅटोची नोंद केली, तीही वांग्याचाच नवा प्रकार म्हणून; मीठ, मिरे आणि तेल घालून तो खातात, असे त्यांनी सांगितले. १७५३ मध्ये लिनियस यांनी वांगे व टोमॅटो एकाच ‘सोलॅनम’ प्रजातीत ठेवले. पुढे टोमॅटो वेगळा काढला गेला आणि अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासानंतर पुन्हा त्याच प्रजातीत आला.

६/
मिरची भारतभर झपाट्याने पसरली. टोमॅटोला मात्र उंबरठ्यावर बराच काळ थांबावे लागले. जॉर्ज वॉट यांचा भारतीय उत्पादनांचा बृहद्‌कोश १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. टोमॅटोची लागवड अद्याप मुख्यतः युरोपीय लोकांसाठी होते, एतद्देशीयांना त्याची गोडी नुकतीच लागत आहे, असे त्यात नोंदवले आहे.

७/
वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्यावरील अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. तो काळ कापसाच्या भरभराटीचा होता. म्हणजे रेल्वे आली, तेव्हाही टोमॅटो भारतीय स्वयंपाकघरात नवखाच होता.

८/
तरीही वऱ्हाडी बोलीने त्याला आपलेसे केले. इकडे त्याला ‘भेदरं’ म्हणतात. भेदऱ्याची चटणी भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाते. ‘टोमॅटो’ हा शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’पासून स्पॅनिश आणि इंग्रजीमार्गे आला. अकोल्याच्या बाजारात हे दोन्ही शब्द एकाच टोपलीवर नांदतात.

९/
पदार्थाची रीत मात्र जुन्या वळणाची आहे: कच्चे चिरणे, कूट लावणे, फोडणी देणे. या रीतीमागे अनुभव आहे. मिठामुळे टोमॅटोला पाणी सुटते, म्हणून मीठ पान वाढतानाच घालतात. सुटलेला रस कूट शोषून घेतो आणि कोशिंबीर मिळून येते. चिमूटभर साखर आंबटपणा आवरते. फोडणीतला हिंगही इराण-अफगाणिस्तानकडून आलेला. तो मात्र फार जुना पाहुणा.

१०/
‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ अन्न यांवर आज हिरिरीने वाद होतात. त्या वादात या वाटीची साक्ष अवश्य काढावी. यातून परके जिन्नस वेचून काढले, तर कांदा, कोथिंबीर आणि फोडणीची मोहरी-जिरे तेवढी उरतील; आणि कांद्याचे मूळ शोधत गेल्यास तोही मध्य आशियात पोहोचेल.