दिव्य : पुरावा संपतो तेथे
मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी, वतनदार व अधिकारी यांच्या न्यायसभेपुढे आला, की याज्ञवल्क्यस्मृतीतील क्रमाला अनुसरून आधी लेख, भोगवटा आणि साक्षीदार तपासले जात, आणि हे मानवी पुरावे अपुरे पडले तरच दिव्याचा, म्हणजे देवाला साक्षी ठेवून करावयाच्या कसोटीचा, आधार घेतला जाई. रवा दिव्यात पक्षकार उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढी. मग हातावर पिशवी बांधून मोहोर केली जाई आणि ठरल्या दिवशी ती सभेसमक्ष उघडून भाजल्याच्या खुणा पाहिल्या जात. निवाडा ईश्वराचा मानला तरी लबाडीचा संशय माणसांवर होताच (मोहोर उगीच लागत नसे), आणि कौल मिळाल्यावरही तो महजरात, म्हणजे सभेच्या साक्षांकित निर्णयपत्रात, नोंदवावा लागे.