रीफ टँकमध्ये कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कशी सांभाळायची?

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल, आपल्या भाषेत प्रवाळ, असलेली खाऱ्या पाण्याची टाकी. ती नव्याने सुरू करणारे मला बहुतेक वेळा विचारतात, "कॅल्शियम किती ठेवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी अल्कलिनिटी मोजा.

अल्कलिनिटी म्हणजे आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद. खाऱ्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते. (पीएच ही वेगळी गोष्ट, तिची यात गल्लत नको.) कडक कोरल हेच कार्बोनेट आणि कॅल्शियम उचलून आपला सांगाडा बांधतं. समुद्राला त्याने काही फरक पडत नाही, पण टाकीत रोज घट होते.

समुद्रात कॅल्शियम लिटरला साधारण ४२० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. घरी ४०० ते ४५० आणि ७ ते ९ चालतं. त्यातला एक आकडा धरा आणि तिथेच राहा. दुसऱ्या कुणाचे ११ बघून आपले वाढवू नका.

आता खरी गंमत. कोरल १ डीकेएच अल्कलिनिटी वापरतं, तेव्हा कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ५ वर आली, तरी कॅल्शियम ४२० वरून ४०० जवळ. घरगुती किटवर एवढा फरक "सगळं ठीक" वाटतो, आणि तोवर कोरलची वाढ अडलेली असते. म्हणून अल्कलिनिटी आधी.

खप काढणं सोपं आहे. काहीही न घालता सलग तीन दिवस, रोज एकाच वेळी मोजा. समजा, रोज ०.६ डीकेएच उतरतंय. १ डीकेएच वाढवायला लिटरला ०.०३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणजे २०० लिटर पाण्याला रोज ३.६ ग्रॅम. सोबत कॅल्शियमसाठी सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, डायहायड्रेट प्रकारचं. लिटर मोजताना दगड-वाळूची जागा वजा करायची, बरं का. आणि सोडाच घ्या, बेकिंग पावडर नव्हे; तिच्यात इतर पदार्थ असतात.

दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत विरघळवा आणि जोरदार प्रवाहात, मध्ये वेळ सोडून घाला. एकत्र ओतलं की लगेच पांढरा साका, म्हणजे दोन्ही वाया. पातळी खूप उतरली असेल, तरी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. कमी अल्कलिनिटी कोरल काही दिवस सोसतं, अचानक उडी बऱ्याचदा नाही.

कोरल थोडी असतील तर मला चुन्याची निवळी आवडते. जगभर तिला 'काल्कवासर' म्हणतात. हा जर्मन शब्द आहे, अर्थ तोच: चुन्याचं पाणी. आरओच्या पाण्यात लिटरला जेमतेम दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं; वरची निवळी बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडायची. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. पानाचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही.

एवढं करूनही आकडे टिकत नसतील आणि हीटरवर पांढरा थर चढत असेल, तर मॅग्नेशियम तपासा. ते १२५० ते १३५० हवं. कमी असेल तर कॅल्शियम कार्बोनेट कोरलऐवजी पंपावर आणि हीटरवर जमतं.