वडूजला जेवायचं कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याची कचेरी खटावला नाही, वडूजला आहे. येरळेकाठचं हे गाव साताऱ्यापासून साधारण 50 किलोमीटरवर, पावसाच्या सावलीतल्या पट्ट्यात. रेल्वे इथवर कधी आली नाही. तरीही आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं माणूस वर्षातून दहा वेळा तरी वडूजला येतंच. सातबाऱ्याचा उतारा, कोर्टाची तारीख, बँकेचं कर्ज, आठवड्याचा बाजार, असं काही ना काही काम निघतं. काम एका खेपेत होत नाही. दुपार होते, पोटात कावळे ओरडायला लागतात आणि मग प्रश्न येतो, जेवायचं कुठे?

आज याचं उत्तर अवघड नाही. स्टँडवर एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारावं, बाजारात हमालाला, कोर्टाच्या आवारात जुन्या पक्षकाराला. ही माणसं रोज बाहेर जेवतात आणि पदरच्या पैशाने जेवतात, म्हणून त्यांची निवड सहसा चुकत नाही. कुणी मिसळीच्या गाड्याकडे बोट दाखवेल, कुणी बाजरीची गरम भाकरी आणि मटणाचा तांबडा रस्सा देणाऱ्या खानावळीकडे. पण कुणालाही विचारावं आणि कुठेही जाऊन बसावं, ही सोय या मुलखात फार जुनी नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहाणा माणूस घराबाहेर पडताना शिदोरी बांधूनच निघे. फडक्यात दोन भाकरी, वर खर्डा किंवा कोरडी चटणी, एक कांदा. या पट्ट्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट. भाकरीवर ते आणि थोडं तेल पडलं की कालवणाची गरज उरत नाही. विहीर किंवा ओढा दिसला की झाडाखाली बसून शिदोरी सोडायची. परक्याच्या हातचं शिजलेलं अन्न खायचं नाही, हा जातीचा नियम होता. त्यामुळे वाटेवर पैसे देऊन जेवण मिळण्याची जागा फारशी नव्हतीच. नातेवाईक, जातवाले, एखादं देऊळ किंवा धर्मशाळा, एवढाच आधार. पण शिदोरी खायलाही पाणी लागतं, आणि पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं.

खटाव तालुक्याच्या वाटेवरच्या उपाशी प्रवासाची सर्वांत महत्त्वाची नोंद 1901 सालची आहे. त्याआधीच्या पाच वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडून गेले होते. लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तालुक्यात तलावाची खोदाई काढली होती आणि त्या कामावर रामजी सकपाळ खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी साताऱ्याहून मुलांना बोलावून घेतलं. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचरं नवे कपडे घालून पाडळी स्टेशनवर गाडीत बसली आणि मसूरला उतरली. वडिलांना पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. मुलं महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर.

वाटेत नदी लागली. गाडीवान मुलांना तिथे खाऊन घ्या म्हणाला आणि स्वतः जवळच्या गावात जेवायला गेला. मुलांजवळ घरून दिलेलं भरपूर खाणं होतं. पण नदीत उरलेलं पाणी म्हणजे गुरांच्या शेणामुताचा चिखल होता. रात्री टोलनाका आला. मुलांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून पाहिलं, तरी मिळालं नाही. भरल्या टोपलीशेजारी ती लेकरं उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोचेपर्यंत पाण्याचा थेंब मिळाला नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सर्वांत आधी लिहिला. मराठी मुलखातल्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहायचा तर तो तांबड्या-पांढऱ्या रश्शापासून नव्हे, मसूरच्या या वाटेपासून सुरू करायला हवा. जेवण चांगलं कुठे मिळतं, या प्रश्नाच्या आधी बसू कोण देतं, हा प्रश्न होता.

त्याचं एक उत्तर शेजारच्या कोल्हापुरात मिळालं. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. वाड्यावरच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल इतर नोकरांनी त्याला बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. ‘सत्यसुधारक’ असं त्याचं नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही घ्यायला लावू लागले. कोल्हापुरात आज मिसळीच्या नामांकित दुकानांची चर्चा घरोघरी चालते. ती ऐकताना गंगारामच्या हॉटेलचं नाव मात्र क्वचितच निघतं. या सगळ्या दुकानांच्या आधी ते नाव घ्यायला हवं.

सातारा जिल्ह्यातलं उत्तर शाळेच्या स्वयंपाकघरातून आलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीला जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, पण मुलांच्या ताटात भाकरी पडत राहिली. जेवण साधंच असणार. पण इतर जातींच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून जेवलेला मुलगा गावी परतला की जुनी शिवाशीव त्याच्या गळी उतरणं कठीण होतं. जिल्ह्यात पुढे कुठल्याही स्टँडवर कुणीही कुणाशेजारी बसून जेवू लागला, त्याचा पाया घालण्यात या पंगतीचा वाटा होता, असं म्हणता येईल.

याच काळात खटाव-माणची माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन खडकाळ. हुलगा, मटकी, बाजरी यांच्यावर वर्ष काढणं अवघड. खानापूर-आटपाडीकडचे आणि खटाव-माणमधले लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरले आणि गलाई कामगार म्हणून देशभरातल्या शहरांत पोचले. पण मोठा लोंढा गेला तो मुंबईला. 1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत घाटावरच्या गावागावांतून माणसं परळ-लालबागकडे जात राहिली. बायकापोरं गावी, पुरुष गावकीच्या खोलीत. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायचं खानावळीत.

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हतं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई पहाटेपासून चूल पेटवून बसे. पाळीप्रमाणे येणाऱ्या गिरणीकामगारांना ती वाढायची, कुणाला डबा द्यायची. हिशेब महिन्याचा, पगार झाला की पैसे. तोवर किराणा उधारीवर. कोकणातली बाई असली तर मासे-भात, घाटावरची असली तर भाकरी, झणझणीत कालवण आणि पगाराच्या रविवारी मटण. वडूजकडचा पोरगा नव्याने मुंबईला उतरला की गाववाले त्याला आपल्याच खानावळीत नेऊन बसवत. शहरात चांगलं जेवण शोधायची ही खरी रीत होती. चव ओळखीची आणि बाई विश्वासाची. आजारी पडलं तर ती पेजही करून देई.

या बायकांच्या कष्टाला धंदा म्हणून मान्यता मिळायला फार वर्षं लागली. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरण्यांच्या संपात कामगारांचे पगार थांबले तरी खानावळवाल्या त्यांना उपाशी ठेवत नाहीत आणि त्यापायी स्वतः सावकाराच्या कर्जात बुडतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मंडळाने या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण म्हणून ठेवायला त्यांच्यापाशी स्वयंपाकाच्या भांड्यांपलीकडे काही नव्हतं, तरी त्यांनी कर्जं फेडली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरातले कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर खानावळीही हळूहळू विझल्या. अनेकांनी गावची वाट धरली.

इकडे गावाकडचं चित्रही पालटत होतं. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या काही दशकांत तालुक्याच्या गावांना स्टँड मिळाले. स्टँड आला की त्यापाठोपाठ कँटीन, चहाची टपरी, भजी-वड्याचा गाडा आणि मग बसून जेवायची खानावळ, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. वडूजला कचेरी आधीपासून होतीच. या कचेरीवरच 9 सप्टेंबर 1942 रोजी, चले जाव चळवळीत, मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. कचेरी म्हणजे तालुक्याला एकत्र आणणारी जागा, आणि माणसं जिथे जमतात तिथेच चूल पेटते.

कायद्यानेही जागा मोकळी केली. 26 जानेवारी 1950 ला अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांचा नावानिशी उल्लेख आहे. विहिरी, तलाव आणि स्नानघाटही त्यात आहेत. जातीवरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही, असं तो सांगतो. ज्या मसुदा समितीतून ही घटना आली, तिचा अध्यक्ष मसूरच्या वाटेवर तहानेने तळमळलेला तोच मुलगा होता. 1955 च्या कायद्याने अशी अडवणूक शिक्षापात्र गुन्हा ठरवली. तरीही दलितांसाठीची वेगळी कपबशी बऱ्याच गावांतल्या हॉटेलांबाहेर पुढेही कित्येक वर्षं टांगलेली राहिली, आणि 1972 मध्ये बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली.

ते साल दुष्काळाचंही. खटाव-माणमधली म्हातारी माणसं आजही दुष्काळी कामावर खडी फोडल्याबद्दल बोलतात. तिथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी त्यांच्या तोंडी असते. मिलोची भाकरी कुणाला आवडली नाही, पण तिने जीव जगवले. घरी मात्र हुलग्याचं माडगं होतंच. आज शहरातल्या हॉटेलात माडगं किंवा शेंगोळे दिसले की लोक कौतुकाने फोटो काढतात. ते कौतुक योग्यच आहे. फक्त हे पदार्थ टंचाईतून आले आहेत, कमी पाण्यात येणाऱ्या धान्याला चव आणणाऱ्या बायकांच्या हातून आले आहेत, हे खाताना ठाऊक असावं.

बाबा आढावांच्याच हमाल पंचायतीने 1974 मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण, हा तिचा उद्देश. नफा हे तिचं उद्दिष्ट कधीच नव्हतं. आज तिथे झुणका-भाकरी खायला विद्यार्थी, कारकून, प्रवासी सगळेच जातात, आणि पुण्यात चांगलं जेवण कुठे, असं विचारणाऱ्याला जुने पुणेकर हे नाव हमखास सांगतात. राज्य सरकारने 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकरीची केंद्रं काढली, त्यांतली बरीचशी लवकरच भलत्याच धंद्यांना लागली. ‘कष्टाची भाकर’ टिकली, कारण ती जेवणाऱ्यांच्याच संघटनेने चालवली.

खटाव तालुक्यात पंगतीची परंपराही मोठी आहे. पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, खिलार बैलांचा बाजार भरतो. भेळ, जिलेबी, भज्यांच्या पालांनी मैदान फुलतं. शेजारच्या माण तालुक्यात गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधिस्थानी रोज प्रसादाची पंगत बसते. गावोगावच्या जत्रांत मटणाची चूल असते. बाहेरून येणाऱ्या माणसाला या मुलखाची चव एका दिवसात कळायची असेल तर त्याने यात्रेचा किंवा बाजाराचा दिवस गाठावा. त्या दिवशी तेल ताजं असतं, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते.

या साऱ्या इतिहासातलं एक पान मात्र कोरं आहे. गॅझेटियरात पाऊस, पिकं, बाजार, रस्ते यांच्या नोंदी आहेत. पण स्टँडशेजारी तीस-चाळीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईचं नाव, तिच्या ताटाचा त्या काळचा दर, तिच्या मसाल्याची रीत सहसा कुठे लिहिलेली सापडत नाही. मुंबईहून गिरणी बंद पडल्यावर परतलेल्यांच्या घरात खानावळीच्या हिशेबाच्या वह्या अजून माळ्यावर असतील. वडूज, मायणी, पुसेसावळी, औंध या भागातल्या ज्या घरांत अशी वही, पाटी किंवा जुनं दरपत्रक असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. गावच्या वाचनालयात किंवा शाळेत त्याची एक प्रत द्यावी, आणि घरातल्या म्हातारीला बसवून ती कुणाकुणाला काय वाढत होती, ते लिहून घ्यावं.